बाहेरून बसलेले चित्रकार : इंदूर, मुंबई, बडोदे

'बाहेरून बसला' हे आपल्याकडे फारसं कौतुकाने कुणी म्हणत नाही. मॅट्रिकला बाहेरून बसला, बी.ए. बाहेरून केलं, असं कानावर पडलं की ऐकणारा त्या माणसाला मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवतो. चित्रकलेच्या बाबतीत तर हे जास्तच. कोण कुठल्या कॉलेजात किती वर्षं होता, कुणाचा 'बॅचमेट' होता, यावरून चरित्रं लिहिली जातात. बडोद्याच्या फाइन आर्ट्सबद्दल लिहिताना तर हमखास तसंच होतं. पुष्पबागेतल्या बॅचेसची यादी म्हणजेच इतिहास, असा एक समज पक्का झाला आहे.

पण जरा बघा. या फॅकल्टीचा चित्रकला विभाग ज्यांनी उभा केला ते नारायण श्रीधर बेंद्रे मुंबईची सरकारी पदविका घेतलेले, पण शिकलेले इंदूरला. आणि त्याच आवारातून निघून जगभर गाजलेले भूपेन खख्खर हे सनदी लेखापाल, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट. चित्रकलेची पदवी त्यांनी कधी घेतलीच नाही. बडोद्यात त्यांनी जी पदव्युत्तर पदवी घेतली ती कलासमीक्षेची, आणि पुढची कितीतरी वर्षं ते अर्धा दिवस एका कारखान्याचे हिशेब लिहीत होते. एक गुरू, एक विद्यार्थी, आणि सरळ रस्त्याने दोघांपैकी एकही आलेला नाही. कमावता कमावता किंवा चित्रं काढता काढता शिकणारा माणूस हा आपल्या कलाशिक्षणाच्या इतिहासात अपवाद नव्हता, बराच काळ तोच मुख्य माणूस होता, असं माझं म्हणणं आहे. त्याला दार उघडं ठेवणारी एक व्यवस्था होती. ती कशी चालत होती, एवढंच या लेखात पाहायचं आहे.

मला हा विषय जवळचा वाटतो त्याचं कारण चित्रकला नाही, इंजिनिअरिंग आहे. मी डिप्लोमा करून कारखान्यात लागलो आणि पुढे ए.एम.आय.ई. केलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था परीक्षा घेई, सेक्शन ए आणि सेक्शन बी. वर्ग नाहीत, हजेरी नाही. शिफ्ट संपवून घरी यायचं, पुस्तकं उघडायची, जमतील तेवढे पेपर द्यायचे, उरलेले पुढच्या वेळी. पूर्ण झालं की सरकार त्याला पदवीच्या बरोबरीचं मानत असे. या पद्धतीचं मर्म असं की शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. तुम्ही कुठे शिकलात हे तपासणारा विचारत नाही, काय येतं ते विचारतो. मुंबई इलाख्यात चित्रकलेच्या परीक्षा जवळपास याच तत्त्वावर उभ्या होत्या, हे नंतर वाचताना लक्षात आलं तेव्हा गंमत वाटली.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग या परीक्षा मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहेत. निम्म्या वाचकांनी त्या दिल्या असतील. त्या शिडीच्या वरच्या टोकाला जी.डी. आर्ट, म्हणजे कलेची सरकारी पदविका होती. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं, आणि ही पदविका म्हणजे जे.जे.ची असंच लोक म्हणत. पण परीक्षा सरकारची होती, आणि तिला बसायला जे.जे.च्या वर्गात बसलेलं असणं सक्तीचं नव्हतं. या एका सवलतीमुळे किती गावांत चित्रकलेचे वर्ग जगले, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

त्यातलं सगळ्यात ठळक गाव इंदूर.

होळकर संस्थानात १९२७ साली चित्रकला मंदिर सुरू झालं आणि दत्तात्रय दामोदर देवळालीकर तिथे शिकवू लागले. देवळालीकर १८९४ चे, म्हणजे तेव्हा तेहतिशीतले. आज इंदुरात त्यांच्या नावाची कलावीथिका आहे, तिथे प्रदर्शनं भरतात. पण या माणसाने नेमकं काय केलं ते इंदूरच्या बाहेर फारसं कुणाला सांगता येत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावं बघितली तरी पुरे : बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर, आणि मकबूल फिदा हुसेन. एका संस्थानी शहरातल्या छोट्या शाळेतून एवढी माणसं निघाली. मुंबईच्या प्रदर्शनांत या मंडळींच्या निसर्गचित्रांना पुढे 'इंदूर स्कूल' असं नावच पडलं. जाड रंग, मोकळा हात, उन्हाची ओढ.

पण इंदूर मुंबई इलाख्यात नव्हतं. संस्थानच्या शाळेचं प्रमाणपत्र संस्थानापुरतं. बाहेर नोकरी पाहिजे, ड्रॉइंग मास्तर व्हायचंय, मुंबईच्या बाजारात उभं राहायचंय, तर जी.डी. आर्ट पाहिजे. म्हणून देवळालीकरांची मुलं इंदुरात शिकायची आणि मुंबईच्या परीक्षेला बाहेरून बसायची. त्या काळचा प्रवासही लक्षात घ्या. इंदूरहून लहान रुळांच्या गाडीने एकतर पाताळपाणीचा घाट उतरून खांडव्याला जायचं आणि तिथे मोठ्या गाडीत बसायचं, नाहीतर रतलामला गाडी बदलून गोध्रा, बडोद्यावरून मुंबई गाठायची. वळकटी, ट्रंक, रंगांची पेटी, ड्रॉइंग बोर्ड. मुंबईत कुणा ओळखीच्याकडे पथारी टाकायची, पेपर द्यायचे आणि परत.

बेंद्रे यांनी १९३३ मध्ये ही पदविका मिळवली. लगेच पुढच्या वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक, आणि १९४१ मध्ये सुवर्णपदक. म्हणजे मुंबईच्या कसोटीवर इंदूरचं शिक्षण टिकलं. मधली काही वर्षं त्यांनी काश्मीरमध्ये नोकरीत काढली, तिथल्या पर्यटनाच्या प्रसिद्धीचं काम करत.

हुसेन यांची गोष्ट याहून वेगळी, आणि माझ्या विषयाला जास्त जवळची. जन्म पंढरपूरचा, वाढले इंदुरात. ते चित्रकला मंदिरात जात ते संध्याकाळच्या वर्गाला. दिवसा पूर्ण वेळ शिकण्याची परिस्थिती नव्हती आणि वडिलांना मुलाच्या पोटापाण्याची काळजी होती. मुलगा चित्रकार होऊ शकतो, त्याला अडवू नका, असं बेंद्रे यांनी त्यांच्या वडिलांना समजावलं, ही आठवण हुसेन पुढे सांगत असत. बेंद्रे वयाने पाचच वर्षांनी मोठे, तेव्हा स्वतःच जेमतेम उभे राहत असलेले. हुसेन मुंबईत आले आणि सिनेमाचे बोर्ड रंगवू लागले, नंतर लहान मुलांची खेळणी आणि फर्निचरची डिझाइनं करू लागले. आता यांना कुठल्या कॉलेजचा विद्यार्थी म्हणायचं? कलेच्या इतिहासाची पुस्तकं हा प्रश्न 'स्वयंशिक्षित' असा शिक्का मारून सोडवतात. मला तो शिक्का पटत नाही. संध्याकाळचा वर्ग हाही वर्गच असतो. देवळालीकर मास्तर दिवेलागणीनंतर काही कमी शिकवत नसतील.

मुंबईत तर संध्याकाळच्या वर्गांचं एक जाळंच होतं. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ साली स्वतःची कलासंस्था काढली. पुढे दंडवतीमठ यांचं नूतन कला मंदिर. हेब्बारांसारखे चित्रकार आधी अशा खासगी वर्गात शिकले आणि मग जे.जे.कडे गेले. या वर्गांना येणारी माणसं कोण होती? छापखान्यात ब्लॉक करणारी, साइनबोर्ड रंगवणारी, शाळेत ड्रॉइंग शिकवणारी, गिरणीच्या डिझाइन खात्यातली. रंगांशी त्यांचं पोट आधीच बांधलेलं होतं. हवं होतं ते पुढचं शिक्षण आणि हातात एक कागद.

सय्यद हैदर रझा यांच्या बाबतीत हे जाळं किती उपयोगी पडलं ते बघण्यासारखं आहे. ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले. मध्य प्रांत सरकारने जे.जे.साठी शिष्यवृत्ती दिली. पण १९४३ मध्ये ते मुंबईला पोचेपर्यंत प्रवेश बंद झाले होते आणि शिष्यवृत्ती गेली. आजचा मुलगा अशा वेळी पुढच्या वर्षापर्यंत घरी बसतो. रझा परत गेले नाहीत. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली, संध्याकाळी मोहन आर्ट क्लबमध्ये शिकायला जाऊ लागले आणि नंतर जे.जे.त शिरले. मोहन आर्ट क्लबसारखा वर्ग नसता तर मधला काळ कोरडा गेला असता. अशा मधल्या काळात किती जणांची चित्रकला वाळून जाते ते नोकरी करणाऱ्या कुठल्याही हौशी माणसाला विचारा.

बेळगावचं उदाहरणही याच माळेतलं. के. बी. कुलकर्णी मुंबईत शिकून बेळगावला आले आणि चित्रमंदिर चालवलं. रवी परांजपे तिथले. सीमाभागातल्या मुलाला मुंबई लांब, घरचा धंदा किंवा शाळेतली नोकरी सोडणं अशक्य. मास्तर गावातच असल्याने त्याचं काम भागत होतं. के. बीं.वर बेळगावकरांनी पुष्कळ प्रेमाने लिहिलं आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

आता बडोद्याकडे येऊ. पण त्याआधी न्यूयॉर्कला एक चक्कर मारावी लागेल, कारण बेंद्रे बडोद्याला आले ते न्यूयॉर्कवरून परतल्यानंतर.

१९४७-४८ च्या सुमारास बेंद्रे अमेरिकेत गेले. वय सदतीस-अडतीस, हातात सुवर्णपदक, नाव झालेलं. असा माणूस परदेशात जाऊन प्रदर्शनं भरवतो, व्याख्यानं देतो. बेंद्रे यांनी प्रदर्शन भरवलंच, पण त्याबरोबर ते आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये आर्मिन लँडेक यांच्याकडे मुद्राचित्रण शिकायला विद्यार्थी म्हणून बसले. ही लीग मोठी मजेशीर संस्था आहे. १८७५ साली विद्यार्थ्यांनीच काढलेली. पदवी नाही, गुण नाहीत, ठरलेला चार वर्षांचा कोर्स नाही. महिन्याची फी भरायची, हवा तो मास्तर निवडायचा, हव्या त्या वेळेच्या वर्गाला जायचं. नोकरी करणारे, नाव झालेले, नुकतेच सुरुवात केलेले, सगळे एका खोलीत. मला वाटतं इंदूरच्या माणसाला हे काही फार परकं वाटलं नसणार. देवळालीकरांच्या वर्गातून निघालेला माणूस अर्ध्या जगावरच्या दुसऱ्या तशाच वर्गात जाऊन बसला, इतकंच.

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, आणि ललित कला विभाग १९५० पासून. हंसा मेहता कुलगुरू, मार्कंड भट्ट पहिले डीन, शिल्पकलेला शंखो चौधुरी, चित्रकलेला बेंद्रे. के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये आले. बेंद्रे १९५९ मध्ये डीन झाले आणि १९६६ पर्यंत राहिले. भारतात विद्यापीठाच्या चौकटीत दृश्यकलेची पदवी आणि पदव्युत्तर पदवी देण्याची ही सुरुवात मानली जाते. सयाजीरावांच्या कलाभवनची परंपरा पाठीशी होतीच. ते १८९० चं, त्रिभुवनदास गज्जर यांच्या योजनेतून आलेलं. दादासाहेब फाळके तिथले. एक वर्ष जे.जे., मग बडोदं, मग गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा, असा त्यांचाही रस्ता तुकड्यातुकड्यांचाच.

विद्यापीठ आलं आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. एक चांगली, दुसरीबद्दल मतभेद होऊ शकतात. चांगली ही की चित्रकाराला इतिहास, सौंदर्यशास्त्र, भाषा शिकायला मिळाली. जी.डी. आर्टचा माणूस हाताने तयार असे, पण अजिंठ्यापासून पिकासोपर्यंतचा धागा त्याच्या हाती कुणी दिलेला नसे. बडोद्यात तो दिला गेला. दुसरी गोष्ट म्हणजे शिकवणारा आणि तपासणारा एकच झाला. विद्यापीठाचा विद्यार्थी व्हायचं म्हणजे विद्यापीठात असायचं. पूर्ण वेळ, ठरलेली वर्षं, हजेरीपट. बाहेरून बसण्याची सोय गेली. पदवीबरोबर डिप्लोमाची वाटही ठेवली होती, ती शहाणपणाची होती. पण खांडव्याला गाडी बदलून वर्षातून एकदा येणारा उमेदवार या हिशेबात बसत नव्हता.

मात्र सुरुवातीच्या बडोद्यात एक गोष्ट अशी होती की ज्यामुळे हा कडकपणा फार टोचला नाही. शिकवणारे स्वतःच अधूनमधून विद्यार्थी होत. सुब्रमण्यन १९५५-५६ मध्ये लंडनच्या स्लेड स्कूलला एक वर्ष गेले, शिक्षकाची नोकरी असताना. ज्योती भट्ट इथेच बेंद्रे यांच्याकडे शिकले, १९५३ मध्ये राजस्थानात वनस्थलीला जाऊन भित्तिचित्रं शिकले, पुढे नेपल्स, मग न्यूयॉर्कचं प्रॅट इन्स्टिट्यूट, आणि मधल्या काळात इथे शिकवणं चालूच. गुलाममोहम्मद शेख इथे शिकवता शिकवता १९६३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टला गेले. म्हणजे तिशीतला, पगारी, चित्रं विकणारा माणूस पुन्हा वर्गात बसतो याचं कुणाला आश्चर्य वाटत नव्हतं. शिष्यवृत्ती मिळायला नशीब आणि ओळख लागायची हे खरं, पण हवा तशी होती.

अशा हवेत १९६२ साली भूपेन खख्खर बडोद्यात आले.

हे मुंबईच्या खेतवाडीतले, गुजराती घरातले. जन्म १९३४. घरातून कॉलेजात गेलेले पहिलेच. अर्थशास्त्र, मग कॉमर्स, मग सी.ए. एवढं झाल्यावर घरच्यांना वाटलं असेल, गंगेत घोडं न्हालं. पण हा मुलगा जे.जे.च्या संध्याकाळच्या वर्गाला जात होता. १९५८ मध्ये गुलाममोहम्मद शेखांशी ओळख झाली आणि शेखांनी बडोद्याला यायचा आग्रह धरला.

आता प्रवेशाचा प्रश्न. चित्रकलेच्या पदव्युत्तर अभ्यासाला जायचं तर आधी चित्रकलेची पदवी हवी, ती नाही. पहिल्या वर्षापासून सुरू करायचं तर सनदी लेखापालाने अठरा वर्षांच्या मुलांबरोबर पुन्हा चार-पाच वर्षं काढायची. पण कलासमीक्षेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नवीन होता आणि त्याला दुसऱ्या विषयातला पदवीधर चालत होता. खख्खर त्या दाराने आत आले. १९६४ मध्ये एम.ए. झाले.

इथे थोडं थांबून विचार करा. कागदावर हा माणूस समीक्षा शिकत होता. प्रत्यक्षात तो चित्रकारांच्या आवारात राहत होता. सकाळी इतिहासाचं व्याख्यान, दुपारी कुणाच्या तरी स्टुडिओत, रात्री चहावर वाद. चित्रकलेचा औपचारिक वर्ग त्याला नव्हता आणि तो नव्हता हे बहुधा बरंच झालं. रेखाटन पक्कं नसण्याची त्याची अडचण कुणी दुरुस्त केली नाही, तीच पुढे त्याची भाषा झाली. १९६५ मध्ये मुंबईत जहांगीरला पहिलं प्रदर्शन केलं ते देवांच्या बाजारू छापील तसबिरी कापून, चिकटवून केलेल्या कामांचं. चित्रकला शिकून आलेल्या पदवीधराला असं धाडस सुचलं असतं का, मला शंका आहे.

मग त्याने नोकरी धरली. बडोद्यात तेव्हा कारखानदारी वाढत होती. त्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात हा अर्धवेळ हिशेबनीस झाला. चित्रं मोठ्या किमतीला जाईपर्यंत, बरीच वर्षं. मी स्वतः कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे हे चित्र माझ्या डोळ्यापुढे सहज उभं राहतं : सकाळी लेजर, व्हाउचर, ताळा जुळेना म्हणून डोक्याला हात, आणि दुपारनंतर घरी कॅनव्हास. अर्धवेळ हा शब्द इथे महत्त्वाचा. पूर्ण वेळ नोकरीने चित्रं संपली असती. नोकरीच नसती तर विकलं जाईल ते काढावं लागलं असतं.

आणि या अर्धवेळ नोकरीतून त्याला विषय मिळाले, असं माझं ठाम मत आहे. १९७२ च्या आसपासची त्याची चित्रं बघा. घड्याळ दुरुस्तीचं दुकान, शिंप्याचं दुकान, न्हाव्याचं दुकान, एक सहायक हिशेबनीससुद्धा. भारतीय चित्रकलेत तोवर शेतकरी होते, देव होते, राजे होते, उपाशी माणसं होती. दहा ते पाच काम करणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला पेन लावलेला माणूस नव्हता. तो आणला एका अकाउंटंटने. त्याच काळात, १९६९ ते १९७३, त्याने आणि शेखांनी 'वृश्चिक' नावाचं नियतकालिक चालवलं. समीक्षेचं शिक्षण असं कामी आलं. १९७९ मध्ये इंग्लंडच्या बाथ अकॅडमीत राहून आला, १९८४ मध्ये पद्मश्री झाला. २००३ मध्ये बडोद्यातच गेला. १९८१ च्या 'यू कान्ट प्लीज ऑल' या चित्राचंच नाव देऊन लंडनच्या टेट मॉडर्नने २०१६ मध्ये त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं.

(मराठीत लिहिताना मी खख्खरांना मध्येच अरेतुरे करू लागलो आहे. बडोद्यात सगळे त्यांना 'भूपेन' म्हणत, ती सवय लागते. ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावं.)

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आमच्याच मंडळातल्या एका चित्रकार बाईंनी तो घेतला. त्यांचं म्हणणं, पूर्ण वेळ पाच-सहा वर्षं एका आवारात राहिल्याशिवाय चित्रकार घडत नाही. ज्योती भट्टांची ती पहिली बॅच घडली कारण ती दिवसरात्र तिथे होती. माती, रंग, आम्ल, छापयंत्र, हे पत्राने शिकता येत नाही. खरंच आहे. मीही लेथवर हात बसवला तो पुस्तकातून नाही, उस्तादाच्या शेजारी उभं राहून. पण त्या बाई बोलत होत्या त्या अठरा वर्षांच्या मुलांबद्दल. मी बोलतोय तो माणूस आधीच दहा-पंधरा वर्षं चित्रं काढतो आहे. त्याला हात बसवायचा नाही, त्याला संगत, वाद, ग्रंथालय आणि एखादा कठोर डोळा हवा आहे. खख्खरांना बडोद्याने नेमकं तेच दिलं आणि बेंद्रे यांना लँडेक यांच्या वर्गाने.

अमेरिकेत ही गरज ओळखून त्याला रीतसर रूप दिलं गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजने १९८१ पासून चित्रकार, शिल्पकार, लेखक वगैरेंसाठी फक्त उन्हाळ्यात भरणारा एम.एफ.ए. सुरू केला. लागोपाठ तीन उन्हाळे, दर वेळी सुमारे आठ आठवडे कॉलेजात यायचं. बाकीचं वर्ष आपापल्या गावी, आपापल्या कामात, अभ्यास चालू ठेवून. पुढे इतर कॉलेजांनीही असे अभ्यासक्रम काढले. शाळेत शिकवणारे, दुकान चालवणारे, मुलंबाळं असलेले चित्रकार अशा ठिकाणी जातात. इंदूरच्या उमेदवाराने वर्षातून एकदा मुंबई गाठावी, त्याचंच हे सुधारलेलं रूप म्हणा ना. फरक इतकाच की तिथे परीक्षेपुरतं नाही, शिकण्यापुरतं यायचं.

आणि इथे? माझ्या ओळखीचे एक ड्रॉइंग शिक्षक आहेत. वय बेचाळीस. दर वर्षी एखादं प्रदर्शन, जलरंगात चांगलं नाव. त्यांना एम.एफ.ए. करायचं आहे. पगारवाढीसाठी नाही, आपण वीस वर्षं जे करतोय ते कुणाबरोबर तरी तपासून बघायचं म्हणून. एका कॉलेजात चौकशीला गेले. कारकुनाने हजेरीची टक्केवारी सांगितली, दिवसाचं वेळापत्रक हातात ठेवलं आणि विचारलं, मुलासाठी फॉर्म हवाय का? ते काही न बोलता परत आले. शाळेतून दोन वर्षांची बिनपगारी रजा घ्यायची तर घरचे हप्ते कोण भरणार. याच माणसाला १९३३ मध्ये जी.डी. आर्टचा फॉर्म मिळाला असता, १९६२ मध्ये कदाचित समीक्षेच्या दाराने आत घेतलं असतं. आज दोन्ही दारांशी तो उभाही राहू शकत नाही.

विद्यापीठांनी बडोद्याच्या १९५० च्या घडीचा कडक भाग तेवढा उचलला आणि शिकवणाऱ्यांनी पुन्हा विद्यार्थी होण्याची जी मोकळी रीत होती ती सोडून दिली, असं मला दिसतं. त्याला कारणंही आहेत. खासगी वर्गांतून बाहेरून बसणाऱ्यांची संख्या वाढली की घोकंपट्टी येते, नमुन्याची चित्रं पाठ करून काढली जातात. जी.डी. आर्टवर ही टीका झालीच होती, आणि आमच्या ए.एम.आय.ई.वरही. पण गळतंय म्हणून नळ कापून टाकणं हा काही प्लंबिंगचा मार्ग नव्हे, वॉशर बदलतात.

मंडळाच्या सभासदांना आणि वाचकांना एक विनंती करून थांबतो. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, नागपूर, बेळगाव, बडोदे इथल्या कितीतरी मराठी घरांत आजोबा किंवा काका 'जी.डी. आर्टला बाहेरून बसले होते' असं सांगतात. त्यांचे परीक्षेचे फॉर्म, बैठक क्रमांकाचे कागद, प्रमाणपत्रं, संध्याकाळच्या वर्गाच्या फीच्या पावत्या, परीक्षेत काढलेल्या 'स्टिल लाइफ'चे सरावाचे कागद ट्रंकेत पडलेले असतील. रद्दीत देऊ नका. मोबाइलवर फोटो काढून मंडळाकडे पाठवा, मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा. कागदाची मागची बाजूही टिपा. तिथे बहुतेक वेळा शिक्का आणि परीक्षा केंद्राचं नाव असतं. देवळालीकर मास्तरांच्या संध्याकाळच्या वर्गाचा एखादा हजेरीपट जर कुणाच्या माळ्यावर निघाला, तर मला रात्री बारा वाजता फोन केलात तरी चालेल.